उजेडासाठी बांधलेलं दुकान

मैत्रिणींनो, साडीचा खरा रंग बघायला आपण ती दुकानाच्या दारात नेतो ना? अमेरिकेतल्या शिकागो शहरात, भर बाजारपेठेत, १८९९ ते १९०४ दरम्यान बांधलेल्या मोठ्या दुकानात उजेडच आत आणला होता. वास्तुकार लुई सुलिव्हन. त्यांनी सगळा भार पोलादी सांगाड्यावर घेतला, आपल्या जुन्या वाड्यात लाकडी खांब घेतात तसा. भिंतींवर ओझं नाही, म्हणून मजल्यामजल्यावर रुंद खिडक्या. खालच्या दोन मजल्यांवर बिडाची वेलबुट्टी. आपला तवा असतो त्याच बिडाची, पण नाजूक! गिऱ्हाईक मुख्यतः बायका, त्यांच्यासाठी हा थाट. सुलिव्हन मात्र १९२४ साली गरिबीत वारले. ‘कार्सन पिरी स्कॉट’ नावाने चाललेलं ते दुकान २००७ मध्ये बंद झालं. इमारत उभी आहे, खिडक्यांसकट.