कचेरीत कोण कुठे बसतं?

नागपूर-भंडारा बसमध्ये ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. थोडं साफसूफ केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे ऑफिसचं फर्निचर. थांबा जी, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका! टेबल, खुर्ची, आलमारी यांना कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण आपल्या भाषेत 'खुर्ची गेली' म्हटलं की कुणी सुताराला बोलावत नाही. सत्ता गेली, एवढाच अर्थ घेतात. एका लाकडी वस्तूला हा अर्थ आला कुठून, ते आज बघू.

सुरुवात शब्दांपासून करतो. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला, आणि त्याच्याही मागे ग्रीक भाषेतला कातड्यासाठीचा शब्द आहे, कारण लिहायचं ते कातड्यावर. तिकडे फ्रान्समध्ये 'ब्युरो' म्हणजे आधी टेबलावर अंथरायचं जाडंभरडं लोकरी कापड. मग ते टेबलच ब्युरो झालं, मग टेबलाची खोली, मग त्या खोलीतली माणसं, आणि शेवटी ब्युरोक्रसी. म्हणजे कार्यालय या गोष्टीचं नाव दोन्हीकडे फर्निचर आणि स्टेशनरीवरूनच पडलं. आपल्याकडे 'खुर्ची' अरबीतून आली. आपण भंडारा-नागपूरकडे जिला 'आलमारी' म्हणतो ती पोर्तुगीज. आपला म्हणावा असा शब्द एकच, 'बैठक'. कारण आपली ऑफिसं बसायची ती खाली, जमिनीवर.

पेशव्यांचं हुजूर दप्तर घ्या. नाना फडणवीसांच्या काळात तिथे दोनशेच्या वर कारकून होते. म्हणजे आजच्या हिशेबाने एक मोठा फ्लोअर! पण टेबल एकही नाही. खाली गादी, पाठीशी लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, दौत, बोरू. कागद आलमारीत नसायचे, चौकोनी कापडात बांधलेले असायचे. त्या गाठोड्याला म्हणायचे रुमाल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आजही रुमालांतच मोजतात. अशी गाठोडी हलवायला सोपी, पण शोधायला महाकठीण. सरदेसायांनी १९३० ते १९३४ दरम्यान त्या ढिगातून निवडक कागद ४५ खंडांत छापले, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आत काय काय दडलंय.

आपल्याकडे नागपूरच्या भोसल्यांचं राज्य. त्यांच्याकडेही चिटणवीस, पोतनवीस. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. नागपुरात ही आडनावं ऐकली की समजायचं, कुणाचे तरी पणजोबा गादीवर बसून राज्याचे कागद लिहीत होते.

ही जुनी बैठक अजून बघायची असेल तर म्युझियमची गरज नाही. तुमसरच्या धानबाजारात एखाद्या जुन्या अडत्याच्या पेढीवर जा, किंवा जुन्या सराफाकडे. पांढरी गादी, लोड, ठेंगणं डेस्क, चष्मा नाकावर आलेले मुनीमजी. दुकान पायरीभर उंच असतं आणि गिऱ्हाईकही जोडे काढून त्याच गादीवर बसतं. निदान ज्याला बसू द्यायचं असतं, ते तरी.

हे 'निदान' महत्त्वाचं आहे. खाली बसण्यात सगळे समान होते, असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. गादीच्या किती जवळ बसायचं, सतरंजीवर की ओसरीवर की अंगणात, हे जातीवर आणि हुद्द्यावर ठरलेलं असायचं. खुर्ची आली आणि ही उतरंड फक्त दीड फूट वर उचलली गेली.

खुर्ची आणली इंग्रजांनी. तिसरा रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारला. वारस दत्तक घेतलेला नव्हता, म्हणून नागपूरचं राज्य खालसा झालं आणि त्याबरोबर आपला भंडाराही कंपनीकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, डेप्युटी कमिशनर आला, कचेरी आली, आणि कचेरीत टेबल-खुर्ची आली. उत्तर हिंदुस्थानात तर साहेब लोक 'कुर्सीनशीन' अशी सनद द्यायचे. साहेबाला भेटायला आल्यावर या माणसाला खुर्चीवर बसू द्यावं, असा कागद! घरी सोफा असेल, हत्ती असेल, पण कचेरीत बसायला सर्टिफिकेट हवं. आता कळलं ना, 'खुर्ची' म्हणजे सत्ता कशी झाली ते?

एक गंमत मध्येच सांगतो. टेबलावरचा तो गोल काचेचा पेपरवेट आपल्या हवामानाचा पुरावा आहे. छताला लांबलचक कापडी पंखा टांगलेला, त्याची दोरी व्हरांड्यात बसलेला माणूस तासन्‌तास ओढतोय, आणि त्या वाऱ्याने कागद उडताहेत. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारायला दुसरा माणूस. एका साहेबाला थंड ठेवायला दोन माणसं उन्हात. आणि एवढं करूनही भागलं नाही की उन्हाळ्यात प्रांताचं सरकार पचमढीला जायचं. वैशाखातला आपला भंडारा ज्यांनी सोसलाय, ते त्यांना फार दोष देणार नाहीत.

आता या गोष्टीतला सगळ्यात जड भाग.

१९१७ साल. कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेला २६ वर्षांचा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली होती, त्या करारापोटी ही नोकरी करायची होती. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या ऑफिसचं वर्णन आहे. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. ते जायला उठले की चटया गुंडाळून घ्यायचे. ऑफिसमध्ये त्यांना प्यायला पाणी मिळत नव्हतं. राहायला जागाही मिळेना. पारशी सराईत नाव लपवून राहिले, तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या चटईपाशी अडकलो. टेबल होतं, खुर्ची होती, हुद्दा होता. कागदोपत्री सगळं दिलं होतं. पण टेबलापर्यंत फाइल घेऊन चालत जायला कुणी तयार नव्हतं. पाच फुटांचं ते अंतर कुठल्याही आर्किटेक्टच्या नकाशात दिसणार नाही.

याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती आपल्या भंडाऱ्यातून. आणि हरले. लोकसभेत बसायची जागा त्यांना आपल्या जिल्ह्याने दिली नाही. आपल्या शाळेत हे ठळकपणे शिकवायला हवं होतं, असं मला वाटतं.

त्याआधीची, १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. त्यासाठी लाखो पोलादी मतपेट्या बनवल्या गोदरेजने, विक्रोळीत. हीच ती आलमारीवाली कंपनी. १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांपासून सुरुवात केली, पुढे तिजोऱ्या, आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट. देशी बनावटीचा टाइपरायटरही त्यांचाच, १९५५ चा. लाकडाला वाळवी लागते, कागदाला कसर लागते, पावसाळा चार महिने. पोलादी कपाटाने हे प्रश्न सोडवले आणि रुमाल जाऊन फाइल उभी राहिली. आपल्याकडे तर गोदरेज हे आलमारीचं दुसरं नावच झालं, भले ती कारध्याच्या वेल्डरने बनवलेली असो!

पण या आलमारीने आणखी एक काम केलं. ती भिंत झाली. जुनं सरकारी ऑफिस डोळ्यासमोर आणा. तीन बाजूंनी आलमाऱ्या, आलमाऱ्यांवर गठ्ठे, मध्ये बाबू. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर रंगाने नंबर, कारण ती जडसंग्रह नोंदवहीत आहे, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर. बाबू जागेवर आहे की चहाला गेलाय, ते साहेबाला दिसत नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही दारात उभे. तुमची फाइल कुठे आहे ते फक्त एका माणसाला माहीत, आणि त्या माहितीची त्याला किंमत मिळते.

ही भिंत पाडण्याचा महाराष्ट्रातला गाजलेला प्रयोग झाला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात. जिल्हाधिकारी होते अनिलकुमार लखिना. त्यांनी कलेक्टर कचेरीची बसायची रचनाच बदलली. काम ज्या क्रमाने पुढे सरकतं त्या क्रमाने टेबलं. लोकांसाठी एक खिडकी, म्हणजे दहा टेबलांना सलाम ठोकायची गरज नाही. आणि जुन्या कागदांची वर्गवारी करून नीट लावलेली अभिलेख खोली. याला नाव पडलं 'लखिना पॅटर्न', आणि तो राज्यभर इतर कचेऱ्यांत नेण्याचा प्रयत्न झाला.

मला यात आवडतं ते हे, की आधी कामाचा नकाशा काढला आणि मग फर्निचर हलवलं. आपण सॉफ्टवेअरवाले याला फ्लो म्हणतो. कागदांची वर्गवारी बघा. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे, 'ब' म्हणजे ३० वर्षं, आणि 'ड' म्हणजे वर्षभराने नष्ट करायचे. हे शुद्ध गार्बेज कलेक्शन आहे! आणि आपल्या कचेऱ्यांत जी 'सहा गठ्ठे पद्धत' शिकवतात, ती तर माझ्या टीमच्या बोर्डवर जशीच्या तशी लावता येईल. हातात असलेली प्रकरणं, उत्तराची वाट बघत असलेली, ठरावीक तारखेला पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, नष्ट करायचे. टू-डू, ब्लॉक्ड, क्रॉन जॉब, रीडमी, आर्काइव्ह, डिलीट. काय कमी आहे?

पॅटर्न टिकला का? साहेबाची बदली झाली की टेबलं हळूहळू जुन्या जागी सरकतात, हे तुम्ही-आम्ही बघतोच. आलमारी पुन्हा भिंत होते. फर्निचर हलवणं दोन दिवसांचं काम. पण ज्याची किंमत लपलेल्या फायलीवर अवलंबून आहे, तो गप्प बसत नाही.

कागद किती नाजूक आहे हे २१ जून २०१२ ला कळलं. मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली, वरचे मजले आणि ढिगाने फायली जळाल्या. त्यानंतर इमारतीचं आतून नूतनीकरण झालं आणि ई-ऑफिसला जोर आला.

आता खासगी ऑफिसं, म्हणजे आमची दुनिया. इथे गंमत उलटी आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत श्नेले बंधूंनी खोल्या काढून मोकळं ऑफिस मांडलं, मध्ये कुंड्या ठेवून. हेतू चांगला होता, साहेब-कारकून भेद कमी व्हावा. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीच्या रॉबर्ट प्रोप्स्टने १९६० च्या दशकात 'ॲक्शन ऑफिस' काढलं. माणसाने उठावं, बसावं, हलावं म्हणून वेगवेगळ्या उंचीची टेबलं आणि हलत्या भिंती. कंपन्यांनी त्यातल्या फक्त भिंती घेतल्या, त्या काटकोनात लावल्या आणि कमी जागेत जास्त माणसं कोंबली. झालं क्युबिकल. पुढे भिंतीही काढल्या, म्हणजे आणखी माणसं मावतात. वर सांगायचं, संवाद वाढावा म्हणून. बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात, मोकळ्या ऑफिसात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि लोक ईमेल जास्त करू लागले. मला आश्चर्य वाटलं नाही. पुण्यात माझ्या शेजारी बसणारा मुलगाही मला चॅटवरच मेसेज करतो. दोघांच्या कानात हेडफोन!

आमच्याकडे बीन बॅग आहेत, रंगीत भिंतींवर इंग्रजी सुविचार आहेत. पण खिडकीकडची जागा कुणाची, केबिन कुणाला, आणि हाऊसकीपिंगच्या मावशी डबा कुठे बसून खातात, ते विचारा. जिन्याखाली. तिथे डिझायनर पोचलेला नसतो.

आणि काहींना तर बसायलाच मिळत नाही. 'बस्ता' म्हणजे मुळात कापडात बांधलेलं गाठोडं, कचेरीतल्या कागदांचं सुद्धा. आता बस्ता म्हटलं की लग्नाची खरेदी. त्या मोठ्या शोरूममध्ये साड्या दाखवणाऱ्या मुली दिवसभर उभ्या असतात. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी यावरून आंदोलन केलं, आणि २०१८ मध्ये तिथे कायद्यात बदल होऊन दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क मिळाला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला.

आपल्या राज्यात २०२५ च्या सुरुवातीला सरकारी कार्यालयांसाठी शंभर दिवसांची सुधारणा मोहीम झाली. सात मुद्दे होते. त्यात स्वच्छता आली, जुने कागद आणि मोडकं सामान निकाली काढणं आलं, आणि येणाऱ्या लोकांसाठी सोयी आल्या. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, बसायला जागा. बडोद्यानंतर १०८ वर्षांनी यादीत पुन्हा पाणीच होतं.

तहसीलबाहेर झाडाखाली बसणारा अर्जनवीस मात्र या कुठल्याच मोहिमेत येत नाही. नावात अजून 'नवीस' आहे. एक घडीचं टेबल, स्वतःची एक खुर्ची, आणि समोर एक स्टूल. कचेरीत जायच्या आधी माणूस पहिल्यांदा बसतो तो त्या स्टुलावर.

तर साकोली, पवनी, लाखनी, लाखांदूर, मोहाडी, जिथून कुठून ऐकत असाल तिथून एक काम करा. पुढच्या वेळी सातबारा काढायला जाल, तेव्हा बघा, आलेल्या लोकांसाठी किती खुर्च्या आहेत आणि त्यातल्या किती चार पायांवर उभ्या आहेत. आकडा मला कळवा. पुढच्या भागात बोलू मालगुजारी तलावांवर, तोवर राम राम, जय भीम!