वारसाचा प्रश्न : खेळातला तिबेट आणि इतिहासातला

इतिहासावर आधारलेल्या संगणकीय खेळांकडे वाङ्मयाचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. परंतु ऐतिहासिक कादंबरीप्रमाणेच असा खेळही भूतकाळाची एक मांडणी असतो, आणि तिची गृहीतके तपासणे हे आपल्या कक्षेतलेच काम आहे. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचा ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) हा खेळ त्यासाठी पाहण्याजोगा आहे. त्याच्या नकाशात तिबेट आहे. तिथली संस्कृती, बौद्ध आणि बोन धर्म यांची स्वतंत्र नोंद आहे. मूळ आवृत्तीत इ. स. ८६७ किंवा १०६६ पासून आरंभ करून १४५३ पर्यंत खेळता येते. खेळाडू एक घराणे चालवतो. राजा मेला की वारस पुढे येतो. वारसच उरला नाही तर खेळ संपतो.

८६७ च्या तिबेटला हा नियम शोभतो. एके काळी, ७६३ मध्ये, चीनची राजधानी चांगआन काबीज करणारे साम्राज्य तेव्हा मोडकळीस आले होते. परंपरेनुसार ८४२ मध्ये सम्राट लांगदर्मा मारला गेला आणि ओसुंग व युमतेन यांच्या नावाने गादीचा झगडा सुरू झाला. युमतेन हा राणीच्या पोटचा नव्हेच, असे नंतरचे इतिहासकार सांगतात. गादी, रक्त, संशय : खेळाला हवे ते सारे इथे आहे.

पुढे मात्र सत्तेचे केंद्र मठाकडे सरकले. १०७३ मध्ये खोन घराण्यातील कोन्चोक ग्याल्पो यांनी साक्य मठ स्थापला. घराणे टिकवायचे आणि ब्रह्मचर्यही पाळायचे, या पेचातून काकाकडून पुतण्याकडे जाणारा वारसा रूढ झाला. साक्य पंडित (११८२-१२५१) मंगोल राजपुत्र गोदानच्या भेटीस गेले तेव्हा त्यांनी दोन लहान पुतण्यांना सोबत नेले. त्यांतले फाग्पा पुढे कुब्लाई खानाचे राजगुरू झाले आणि मंगोलांच्या अधिपत्याखाली तिबेटचा कारभार साक्यांकडे आला.

कर्मा काग्यु परंपरेने रक्ताचा धागाही सोडला. कर्मा पक्षी (१२०४-१२८३) हे दुसुम ख्येन्पा (१११०-११९३) यांचा पुनर्जन्म मानले गेले, आणि रांगजुंग दोर्जे (१२८४-१३३९) हे कर्मा पक्षींचा. गुरूचा अधिकार आता दुसऱ्याच घरात जन्मलेल्या मुलाकडे जाऊ लागला. वंशावळ जे काम करते ते इथे कथेला करावे लागले. ‘नामथर’ या तिबेटी चरित्रप्रकाराचा शब्दार्थ ‘संपूर्ण मुक्ती’ असा आहे. साधनेची वाट दाखवणारा हा वाङ्मयप्रकार पूर्वजन्मांची साखळी सांगू लागला, तेव्हा तो अधिकाराचा दाखलाही बनला.

खेळाच्या मूळ आवृत्तीत धर्मगुरूंची राज्ये नकाशावर दिसतात, पण खेळाडूला ती चालवता येत नाहीत. म्हणजे तेराव्या शतकातील तिबेटचा सर्वांत प्रभावी पुरुष या खेळाच्या व्याकरणात कर्ता होऊ शकत नाही. संस्कृतीची नोंद झाली, पण तिने वारसाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर नियमांबाहेर राहिले.

हा दोष एकट्या खेळाचा नाही. राजघराण्यांच्या क्रमाने इतिहास शिकवणारी पाठ्यपुस्तकेही हाच नियम पाळतात. कोणाचा समावेश केला याबरोबरच, त्याला क्रियापद कोणते दिले, हेही आपण विचारले पाहिजे.