सापडलेले कासव कोणाचे?

हरवलेली वस्तू सापडली तर ती कोणाची, हा प्रश्न कायद्याइतकाच जुना आहे. ज्या धनाच्या स्वामीचा पत्ता नाही ते राजाने तीन वर्षे राखून ठेवावे, असा दंडक मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आढळतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे ७१ वे कलम सामान्य माणसालाही या कर्तव्यातून सोडीत नाही. दुसऱ्याची वस्तू सापडली आणि आपण ती उचलून ताब्यात घेतली, की विश्वासाने ठेव ठेवून घेणाऱ्याची जबाबदारी आपल्यावर येते. शहाणा माणूस स्वतःच्या चीजवस्तूची जितकी निगा राखील, तितकी त्या ठेवीची राखावी लागते.

परंतु सापडलेली वस्तू जेव्हा आपल्या पायांनी चालत येते तेव्हा प्रकरण अवघड होते, आणि ती वस्तू कासव असेल तर अधिकच. गाईच्या गळ्यात दावे असते, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो. कासव आपले घर पाठीवर घेऊन येते खरे, पण त्या घरावर मालकाच्या नावाची पाटी नसते.

रोमन विधिज्ञांनी या विषयाचा बारकाईने खल केला होता. दुसऱ्या शतकातील गायस आणि पुढे इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेली सम्राट जस्टिनियनची 'इन्स्टिट्यूट्स' यांचा सिद्धान्त असा की, रानटी प्राणी धरणाऱ्याचा होतो, पण तो निसटून नैसर्गिक स्वातंत्र्यात परतला की मालकी संपते. तो दृष्टीआड झाला, अथवा दिसत असूनही त्याचा पाठलाग दुष्कर झाला, म्हणजे तो मुक्त समजावा. कबुतरे आणि मधमाश्या यांना मात्र अपवाद होता: परत येण्याची सवय टिकून आहे तोवर त्या मालकाच्याच. हा नियम कासवाला लावू गेल्यास मोठी मौज होते. कासवाचा पाठलाग कधीच दुष्कर नसतो. पण ते दृष्टीआड व्हावयास गवताचे चार झुबके पुरतात.

याचा अनुभव अठराव्या शतकात इंग्लंडातील एका विद्वान धर्मोपदेशकाला आला. सेलबोर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट हा निसर्गनिरीक्षणाच्या शास्त्रातील एक आद्य पुरुष. ससेक्स परगण्यात रिंगमर येथे राहणाऱ्या त्याच्या आत्याने एक जमिनीवरचे कासव अनेक वर्षे पाळले होते. १७८० मध्ये ती वारली, तेव्हा व्हाइटने हिवाळी झोपेत असलेले ते कासव उकरून काढले, मातीसह पेटीत घातले आणि घोडागाडीने ८० मैल दूर आपल्या घरी आणले. त्याचे नाव टिमथी. तो त्याला वजनकाट्यावर तोली, त्याच्या झोपेच्या आणि जागृतीच्या तारखा टिपून ठेवी. त्याचे एक निरीक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे खाऊ घालणारी वृद्धा दिसताच हे कासव लगबगीने तिच्याकडे येई. परक्या माणसाची मात्र दखलही घेत नसे.

१७८४ च्या वसंतात हा टिमथी नाहीसा झाला. बागेच्या लहान फाटकातून तो बाहेर पडला असावा, असे व्हाइटच्या दैनंदिनीत नमूद आहे. आठवडाभराहून अधिक काळ शोध चालला, आणि अखेर कासव जवळच्याच एका शेतात सापडले. त्याच वर्षी व्हाइटने टिमथीच्या तोंडून एका परिचित तरुणीला गमतीचे पत्र लिहिले. त्यात टिमथी आपला जन्म अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातला सांगतो. वस्तुस्थिती अगदी निराळी होती. टिमथीचे कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. ते भूमध्य समुद्राच्या परिसरातील जातीचे आहे, आणि पुरुषाच्या नावाने वावरलेला तो जीव मादी होता, हे तज्ज्ञांनी पुढे ठरविले. एवढ्या साक्षेपी निरीक्षकालाही आपल्या कासवाचा देश आणि लिंग ही दोन्ही उमगली नव्हती. व्हाइटची माया अस्सल होती. ओळख मात्र अपुरी होती.

ओळख अपुरी आणि माया उतावळी असली म्हणजे काय घडते, याचा दाखला विसाव्या शतकाने दिला. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले 'रेड इअर्ड स्लायडर' हे कासव तेथील स्वस्त वस्तूंच्या दुकानांत विक्रीस आले. रुपयाएवढे हिरवेगार पिल्लू, प्लास्टिकचे उथळ भांडे आणि त्यात एक प्लास्टिकचे माडाचे झाड, असा तो थाट असे. ही कासवे हाताळणाऱ्या मुलांना साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ लागल्याने १९७५ मध्ये तेथील शासनाने ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी केली. परदेशी निर्यात मात्र चालूच राहिली. युरोपने १९९७ मध्ये या कासवाची आयात बंद केली. रुपयाएवढे ते पिल्लू वाढून ताटलीएवढे होते, दशकानुदशके जगते आणि पाणी घाण करते. मग कंटाळलेला मालक ते जवळच्या तळ्यात सोडून पुण्य केल्याचे समाधान मिळवितो. जगातील १०० घातक उपऱ्या जीवांच्या यादीत आज या कासवाचे नाव आहे.

आपल्या शहरांतही हे कासव मत्स्यालयांच्या दुकानांतून घरोघर आले आणि घरोघरून तळ्यांत गेले. म्हणून अंगणात किंवा रस्त्यावर कासव दिसले, तर प्रथम ते कोण आहे हे पाहावे. पाठ कातड्यासारखी मऊ, नाक नळीसारखे पुढे आलेले आणि मागचे पाय झाकणाऱ्या झडपा पोटाला असतील, तर ते आपल्याच तळ्यांतले कासव होय. पावसाळ्यात ते एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे जमिनीवरून जाते, मादी अंडी घालण्यास बाहेर पडते. ते वाट चुकलेले नसून वाटेवर असते. त्याला रस्ता ओलांडून द्यावा, तोही ज्या दिशेने ते चालले होते त्याच दिशेने. पाठ घुमटाकार, काळ्यावर पिवळ्या चांदण्या आणि पाय हत्तीसारखे खांबी असतील, तर ते स्टार कासव. ते कोरड्या रानातले. गोव्यात ते आढळले तर कोणीतरी आणलेले, हे निश्चित समजावे. त्याला पोहता येत नाही; दयेने विहिरीत सोडणे म्हणजे बुडविणे होय. डोळ्यामागे तांबडा पट्टा असेल तर ते मिसिसिपीचे. मात्र वयस्क नराचा हा पट्टा काळवंडून पुसट होतो. कवचाला रंग लावलेला किंवा कडेला भोक पाडलेले असणे, अथवा माणूस दिसताच खाण्यासाठी मान पुढे येणे, ही पाळीवपणाची लक्षणे. रिंगमरच्या त्या वृद्धेची आठवण येथे उपयोगी पडते.

ओळख पटली की कायद्याचे उत्तरही मिळते. देशी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कवच आहे; ती घरी पाळता येत नाहीत. कायद्याविरुद्ध बाळगलेला असा प्राणी ३९ व्या कलमान्वये शासनाची मालमत्ता ठरतो, आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यास अथवा प्राधिकृत अधिकाऱ्यास वर्दी द्यावयाची असते. परदेशी कासव असेल तर शेजारीपाजारी मालकाचा शोध घ्यावा, आणि न सापडल्यास पशुवैद्य किंवा वनखाते यांचा सल्ला घ्यावा. तळ्यात मात्र सोडू नये, कारण तेथल्या मूळ रहिवाशांचे अन्न आणि उन्हाला बसण्याची जागा ते बळकाविते. शिवाय ज्या मालकाने प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून दिले, तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा अपराधी ठरतो, हेही विसरू नये.

तोवरची निगा साधी आहे. रुंद टोपले किंवा घमेले सावलीत ठेवावे. पाण्यातल्या कासवाला मान सहज वर राहील इतकेच पाणी, जमिनीवरच्याला उथळ ताटलीभर. दूधभात देऊ नये. एकदोन दिवस अन्नावाचून त्याचे बिघडत नाही. कवच फुटले असल्यास घरगुती लेप न लावता पशुवैद्याकडे न्यावे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, मुलांनी तर अवश्य. ते नेमके कोठे सापडले, ती जागा लिहून ठेवावी. देशी कासवाला परत सोडण्याची योग्य जागा बहुधा तीच असते.

देवळाच्या मंडपातील दगडी कासवाला वळसा घालून जाणारे आपण. जिवंत कासव पायाशी आले की ते उचलून घरात किंवा पाण्यात टाकण्याची घाई करतो. दोहोंच्या मागे भक्ती आहे, पण विचार नाही. ठेवीदाराचे पहिले कर्तव्य ठेव ओळखणे हे होय. कासवाच्या बाबतीत दयेचा आरंभही तेथूनच होतो.