तयार काँक्रीट

तयार काँक्रीट : सिमेंट, वाळू, खडी व पाणी बांधकामाच्या जागी न कालविता मध्यवर्ती कारखान्यात मोजून एकत्र केलेले आणि ओल्या अवस्थेतच मालमोटारीने कामावर पोहोचविलेले काँक्रीट. व्यवहारात यास ‘रेडीमिक्स’ म्हणतात. सिमेंटात पाणी पडताच रासायनिक विक्रिया सुरू होते व काही तासांत मिश्रण घट्ट होते. त्यामुळे हा माल साठवून ठेवता येत नाही व फार दूरही नेता येत नाही. या धंद्याचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे या अल्प अवधीशी झालेला झगडा होय.

जर्मनीतील हँबर्ग येथील वास्तुशिल्पज्ञ जे. एच. मागेन्स यांनी १९०३ मध्ये अशा काँक्रीटचे एकस्व मिळविले. १९१३ मध्ये अमेरिकेत बॉल्टिमोर येथे त्याचा व्यापारी पुरवठा झाला. प्रारंभी ते साध्या मालमोटारींतून नेत. पण वाटेतील धक्क्यांनी खडी तळाशी बसे व पाणी वर येई. ओहायओ राज्यातील कोलंबस येथील स्टीफन स्टेपॅनियन यांनी १९१६ मध्ये मोटारीवरच फिरते पिंप बसविण्याच्या कल्पनेसाठी एकस्वाचा अर्ज केला. मोटारीला एवढे ओझे पेलणार नाही, या कारणास्तव तो फेटाळला गेला. त्या काळच्या मोटारी पाहता हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. १९२६ च्या सुमारास अशा मोटारी प्रत्यक्षात आल्या व धंदा फैलावला. इंग्लंडमध्ये लंडनजवळील बेडफंट येथे १९३० च्या सुमारास, तर जपानात टोकिओ येथे १९४९ मध्ये कारखाने निघाले.

मात्र काँक्रीट वेळेवर पोहोचणे व ते चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिमेंटाच्या तुलनेत पाणी जितके जास्त तितके काँक्रीट दुबळे, हा नियम शिकागोतील डफ एब्रॅम्झ यांनी १९१८ मध्ये मांडला. मोटारीला उशीर झाला, की मिश्रण ताठर होते आणि ओतणे सोपे जावे म्हणून कामावरचे लोक पिंपात पाणी घालतात. ही खोड सर्व देशांत आढळते. काँक्रीटचे बल पारखण्यासाठी १५ सेंमी. बाजूचे घन पाडून ते २८ दिवसांनी दाबयंत्रात फोडतात. तोपर्यंत त्याच काँक्रीटच्या मजल्यावर पुढचे मजले चढलेले असतात. घन कमी दाबाने फुटले, तर दोष कारखान्याचा की पाणी घालणाऱ्याचा, हे ठरविणे अवघड जाते. म्हणून भरण्याची वेळ व प्रत्येक घटकाचे वजन नोंदविणारी पावती मालाइतकीच महत्त्वाची ठरते.

भारतात भाक्रा धरणासारख्या कामांवर १९५० नंतरच्या दशकात मोठी मध्यवर्ती मिश्रणयंत्रे होती. पण ते काँक्रीट त्या कामापुरते असे, विक्रीसाठी नसे. भारतीय मानक संस्थेने तयार काँक्रीटचे मानक (क्र. ४९२६) १९६८ मध्येच प्रसिद्ध केले. धंदा मात्र त्यानंतर सु. पाव शतकाने उभा राहिला, ही काहीशी विलक्षण गोष्ट आहे. तिची कारणे उघड आहेत. मजुरी स्वस्त होती आणि सिमेंट नियंत्रित दराने, पोत्यांतून व तेही अपुरे मिळे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठल्यावर सुट्या सिमेंटचा भरवशाचा पुरवठा शक्य झाला. पुण्यातील प्रारंभीचा प्रयत्न टिकला नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत मात्र हा धंदा रुजला. साठवणीला जागा नसलेल्या त्या शहरात वाळू व खडीचे ढीग रस्त्यावरून हटले, हा लाभ नागरिकांनाही जाणवला. २००३ च्या सुधारित मानकानुसार भरल्यापासून दोन तासांत मोटार रिकामी व्हावी लागते. विलंबक द्रव्ये घातल्यास ही मुदत वाढविता येते. मुंबईच्या वाहतुकीत या द्रव्यांवाचून चालत नाही.

स्लॅब घालण्याच्या दिवशी मिक्सरपासून माळ्यापर्यंत रांगेने घमेली चढविणारे बिगारी व त्यांतील स्त्रिया या बदलामुळे मोठ्या शहरांतील कामांवर कमी होत गेल्या. तीच जागा काँक्रीटच्या पंपाने घेतली. लहान गावांत आणि मोटार शिरत नाही अशा गल्ल्यांत ही रांग अजून दिसते.