भंडारदऱ्याची वाट आणि वाटेवरचे पाणी

पायी प्रवास हा मानवाचा सर्वांत प्राचीन प्रवास होय. रस्ते झाले, वाहने आली; तथापि सह्याद्रीतील काही वाटा आजही केवळ पावलांनाच ओळखतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, भंडारदरा जलाशयाच्या काठावरील रतनवाडीहून कात्राबाईची खिंड, कुमशेत व पाचनई या मार्गाने हरिश्चंद्रगडास जाणारी वाट ही अशांपैकीच एक. वैशाखाच्या उन्हात ती चालणे ही शरीराची आणि धैर्याची कसोटीच ठरते. या वाटेचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे पाण्याचा इतिहास होय.

वाटेचा आरंभ रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून होतो. मंदिराच्या निर्मितीशी परंपरा शिलाहारांच्या झंज राजाचे नाव जोडते. मंदिरालगत कोनाड्यांनी सजलेली दगडी पुष्करणी आहे. शेजारच्या रतनगडावर प्रवरा नदीचा उगम मानला जातो आणि गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जाणता वाटसरू येथेच आपले पाणी भरून घेतो आणि सूर्य डोंगराआडून वर येण्यापूर्वी पावले उचलतो.

खिंडीची चढण सुरुवातीस झाडीतून जाते. या दिवसांत करवंदे पिकलेली असतात; तेवढाच घशाला ओलावा. पुढे सावली विरळ होते. दहा-अकराच्या सुमारास काळा कातळ तापू लागतो; वरून ऊन आणि खालून धग. ओढ्यांच्या पात्रात केवळ गोटे उरलेले असतात. जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस ज्या डोंगरांवर पडतो, तेथेच उन्हाळ्यात ही अवस्था का? उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खालचा बसाल्ट खडक कठीण. पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते. मुक्कामी गाव आहे की नाही यापेक्षा तेथे पाणी आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच येथे प्रथम येतो.

कात्राबाईच्या खिंडीत वाटसरू क्षणभर थांबतो. मागे प्रवरेचे खोरे, पुढे मुळेचे. येथे विभागलेले पावसाचे पाणी शेकडो वळणे घेऊन नेवासे परिसरात पुन्हा एकत्र येते आणि पुढे गोदावरीस मिळते. या दऱ्याखोऱ्यांची खरी माहिती येथील महादेव कोळी समाजास होती. देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात याच डोंगरांच्या आधाराने इंग्रज सत्तेस आव्हान दिले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले.

कुमशेत, पाचनई ओलांडून हरिश्चंद्रगडावर पोहोचणाऱ्यास पुन्हा पाणी भेटते. तेथील पुष्करणी आणि कातळातील टाकी पाहिली की पूर्वजांची दृष्टी ध्यानात येते. महाराष्ट्रातील प्राचीन शिलालेखांत अशा टाक्यास 'पोढी' म्हटले आहे. मावळातील पाले येथील लेण्यात अर्हंतांना नमन करून आरंभ होणारा प्राकृत लेख आहे. अनेक अभ्यासक तो महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख मानतात. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे आणि त्यासोबत पोढीही करविली, असा त्याचा आशय आहे. निवाऱ्याबरोबर पाण्याची सोय केल्याची नोंद दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली, ही बाब विचार करण्यासारखी आहे. आपल्या साधू-साध्वींचा पदविहारही याच जाणिवेवर चालतो. सूर्योदयानंतर प्रस्थान, उन्हापूर्वी मुक्काम, उकळलेले मोजके पाणी आणि सूर्यास्तानंतर तेही नाही.

विसाव्या शतकात या खोऱ्याचे रूप पालटले. भंडारदरा येथे १९१० मध्ये धरणाचे काम सुरू झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण पूर्ण झाल्यावर १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी येथे साठते. त्याच पाण्यावर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडील शेती फुलली, साखर कारखानदारी उभी राहिली आणि बाजारपेठा वाढल्या. या समृद्धीचे ऋण सर्वांनीच मानावयास हवे. परंतु ज्यांच्या डोंगरांवर हा पाऊस पडतो, त्या वाड्यांतील भगिनींना वैशाखात हंडाभर पाण्यासाठी दूरच्या विहिरीची वाट चालावी लागते. जमेच्या बाजूस लाभ लिहिताना खर्चाच्या बाजूची ही नोंद वगळली, तर हिशेब खरा ठरत नाही.

दिवस मावळताना हौशी पदयात्रिकाची वाट संपते. त्या भगिनींची दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने आपले पाणी आपणच वाहून न्यावे, वाडीच्या विहिरीतून घ्यावेच लागले तर विचारून आणि मोजून घ्यावे. जुन्या टाक्यांत कचरा पडू न देणे, हेही पोढी खोदण्याइतकेच पुण्यकर्म होय.