दगडाची ‘मॉडिफाइड डेट’: आरगॉन डेटिंग कसं चालतं?

व्हॉट्सॲपवर आलेला जुना फोटो सेव्ह केला की गॅलरी त्याला आजची तारीख लावते. आजीच्या लग्नातला फोटो कालच्या बिर्याणीशेजारी जाऊन बसतो. दगडांच्या बाबतीतही असाच घोळ होतो, हे मला जोशीमठच्या वरच्या ट्रेकनंतर कळलं. वाटेवरचे खडक अभ्रकाने नुसते चमचमत होते. परत आल्यावर ‘हे किती जुने?’ म्हणून शोधलं, तर एकीकडे ५० कोटी वर्षांहून जास्त आणि दुसरीकडे जेमतेम २ कोटी. वाटलं, कोणीतरी शून्य खाल्लं. पण दोन्ही उत्तरं बरोबर होती.

हे खडक मूळचे गाळाचे. भारताच्या उत्तरेच्या समुद्रात साधारण १०० ते ५० कोटी वर्षांपूर्वी चिखल आणि वाळू साचत गेली. ही झाली ‘क्रिएटेड डेट’. पुढे, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला. हा गाळ खोल दाबला गेला, तापला, आणि चिखलाचे अभ्रक, गार्नेट वगैरे झाले. म्हणजे फाइल एडिट झाली. ती कधी, हे आरगॉन सांगतो.

अभ्रकात पोटॅशियम भरपूर असतं. त्यातला अगदी थोडा भाग, सुमारे ०.०१२ टक्के, किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतो. त्याचा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षं. त्यातले साधारण ११ टक्के अणू आरगॉन-४० होतात, उरलेले कॅल्शियम. आरगॉन हा वायू कोणाशीच जोडला जात नाही. खनिज गरम असेपर्यंत तो निसटत राहतो आणि थंड झालं की आत अडकतो. घड्याळ तिथून सुरू होतं. हॉर्नब्लेंड हे खनिज ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास ‘लॉक’ होतं, पांढरा अभ्रक ४०० च्या, काळा ३०० च्या. कणाचा आकार आणि थंड होण्याचा वेग यांनुसार आकडे थोडे हलतात. पण एकाच खडकातली तीन खनिजं मोजली की तो किती वेगाने थंड झाला, याचा लॉगच मिळतो.

मोजतात कसं, हा मला सगळ्यात भारी वाटलेला भाग. पोटॅशियम वेगळं मोजायला दुसरा तुकडा लागतो आणि दोन तुकडे कधीच सारखे नसतात. १९६६ साली मेरिह्यू आणि टर्नर यांनी मांडलेली युक्ती अशी: नमुना अणुभट्टीत ठेवायचा, म्हणजे न्यूट्रॉनच्या माऱ्याने काही पोटॅशियम-३९ चं आरगॉन-३९ होतं. आता पोटॅशियमचा हिशेबही आरगॉनमध्येच आला! मग लेझरने किंवा भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवून निघणाऱ्या वायूतलं दोघांचं गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमीटरवर बघायचं. सलग बऱ्याच टप्प्यांत एकच वय आलं, तर त्यावर भरवसा ठेवता येतो. वय आधीच माहीत असलेलं एक खनिजही सोबत भट्टीत जातं, कॅलिब्रेशनसाठी.

पूर्व नेपाळमध्ये हबर्ड आणि हॅरिसन यांनी १९८९ मध्ये हॉर्नब्लेंडचं वय सुमारे २.१ कोटी वर्षं काढलं. म्हणजे तेव्हा तिथले खडक थंड व्हायला लागले होते. कोट्यवधी वर्षांचा जुना गाळ, पण घड्याळ काल-परवाचं.

आता बग. हिमालयात बऱ्याचदा काळ्या अभ्रकाचं वय पांढऱ्यापेक्षा जास्त येतं. काळा तर उशिरा लॉक होतो, मग तो मोठा कसा? आजूबाजूच्या खडकातून बाहेरचा आरगॉन त्यात घुसलेला असतो. अशा वेळी आकडा कितीही सुबक दिसला तरी तो वय म्हणून वापरता येत नाही. उलटही होतं: खडक फार तापलाच नसेल, तर गाळासोबत वाहून आलेला जुना अभ्रक आपलं जुनंच वय सांगत राहतो. म्हणून कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निवडावे लागतात. ‘एका मशीनने वय काढलं’ अशी हेडलाइन दिसली की मी आधी विचारतो, कुठल्या खनिजाचं?

हे काम मुंबईतही चालतं. आयआयटी मुंबईत आरगॉनची प्रयोगशाळा आहे, आणि नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत ठेवले गेले आहेत. भट्टीतून बाहेर आल्यावर मात्र लगेच हात लावता येत नाही. किरणोत्सार उतरेपर्यंत थांबावं लागतं.