कराराची उपासना : मेथडिस्ट मंडळ्यांची नववर्षप्रथा

मेथडिस्ट पंथात वर्षातून एकदा कराराची उपासना होते. बहुतेक ठिकाणी ती जानेवारीच्या पहिल्या रविवारी असते. ब्रिटनमध्ये मंडळीचे कामकाजाचे वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होते, म्हणून काही मंडळ्या ती सप्टेंबरात घेतात. या उपासनेत कोणी पुन्हा बाप्तिस्मा घेत नाही, की नव्याने सभासद होत नाही. ख्रिस्ताशी पूर्वीच जोडलेले नाते सर्वांनी मिळून, सर्वांच्या देखत पुन्हा पक्के करायचे, एवढाच तिचा हेतू असतो. 1755 साली लंडनमध्ये ही प्रथा रुजली. तिच्यात वाचला जाणारा मजकूर मात्र त्याहून जवळजवळ शंभर वर्षांनी जुना होता.

देवाशी करार ही कल्पना मुळात बायबलची. यहोशवाने शखेमात इस्राएल लोकांकडून देवाची सेवा करण्याचे वचन घेतले आणि साक्षीसाठी एला झाडाखाली मोठी धोंड उभी केली. नहेम्याच्या काळात तर करार लेखी झाला आणि पुढाऱ्यांनी त्यावर शिक्के मारले. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या प्युरिटनांनी हे प्रसंग फार मनावर घेतले. 1662 च्या कायद्याने राजमान्य प्रार्थनापुस्तक सक्तीचे केले. ते न मानणाऱ्या सुमारे दोन हजार पाळकांना आधीच्या दोन वर्षांत आणि या कायद्यान्वये आपल्या जागा सोडाव्या लागल्या. रिचर्ड अ‍ॅलीन आणि जोसेफ अ‍ॅलीन हे त्यांपैकीच. जोसेफला पुढे परवानगीविना उपदेश केल्याबद्दल तुरुंगही भोगावा लागला. त्याने रचलेला कराराचा मसुदा रिचर्डच्या ग्रंथातून लोकांपर्यंत पोचला.

हा मसुदा एकेकट्या माणसासाठी होता. आधी एकांतात देवापुढे बसायचे, आपण काय कबूल करतो आहोत याचा नीट विचार करायचा, मग गुडघे टेकून मजकूर मोठ्याने म्हणायचा. तेवढ्यावर थांबायचे नाही. तो कागदावर उतरवून खाली सही करायची आणि कागद जपून ठेवायचा. पुढे कधी मन डळमळले, शंका आली, तर तो काढून वाचता यावा म्हणून. चर्चमधून हुसकावलेल्या, उघड सभा भरवायला बंदी असलेल्या लोकांच्या श्रद्धेला घरच्या पेटीतला असा कागद किती मोठा आधार असेल!

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला ही परंपरा परकी नव्हती. त्याचे आजोबा आणि आईचे वडील, दोघेही 1662 च्या सुमारास पद गमावलेले पाळक. त्याने अ‍ॅलीनचा मजकूर सामान्य वाचकांसाठीच्या आपल्या ग्रंथमालेत छापला आणि ऑगस्ट 1755 मध्ये लंडनच्या अनुयायांपुढे कराराचा विषय काढला. काही दिवस त्याने तो उलगडून सांगितला, एक दिवस उपास पाळला गेला आणि 11 ऑगस्टच्या संध्याकाळी स्पिटलफील्ड्समधील फ्रेंच चर्चमध्ये सभा भरली. फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनॉट लोकांचे हे चर्च. मजकूर वाचून झाला आणि संमती म्हणून सुमारे अठराशे माणसे उभी राहिली. सहीची जागा उभे राहण्याने घेतली. एकट्याचे वचन समुदायाचे झाले, हा या प्रथेच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मानावा लागेल. कारण आता वचन विसरले तर आठवण करून द्यायला शेजारी साक्षीदार होते. मेथडिस्ट सभासद छोट्या गटांत दर आठवड्याला भेटून एकमेकांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करतच असत. वार्षिक करार त्या शिस्तीशी सहज जुळला.

पुढे लंडनमध्ये त्यासाठी नव्या वर्षाची सुरुवात ठरत गेली. इंग्लंडचे कायदेशीर वर्ष 1752 पासूनच 1 जानेवारीला सुरू होऊ लागले होते. जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्लीने 1762 मध्ये या प्रसंगाला साजेसे गीत प्रसिद्ध केले, तर जॉनने 1780 मध्ये मार्गदर्शक पुस्तिका छापली. तिचा सूर कडक होता : लांबलचक उपदेश, पापाची झाडाझडती, न्यायाची भीती. ब्रिटनमधील मेथडिस्ट शाखांच्या 1932 मधील एकीकरणानंतर 1936 च्या उपासनापुस्तकात या उपासनेला नवे रूप आले. उपदेश आटोपशीर झाला, प्रभुभोजन जोडले गेले आणि शरणागतीची प्रार्थना मध्यभागी आली. मोठे काम मिळो किंवा कोणतेच न मिळो, दोन्ही देवाच्या हातून स्वीकारण्याची तयारी तीत आहे. हेच तिचे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे मागणे.

अमेरिकेत ही प्रथा तितकी मूळ धरू शकली नाही. वेस्लीने 1784 मध्ये तिकडे पाठवलेल्या उपासनापुस्तकात तिचा समावेश नव्हता. तेथे वर्षअखेरीची जागरणाची उपासना अधिक रुजली. भारतात, मुंबईत 1870 च्या दशकात अमेरिकी मिशनरी विल्यम टेलरने सुरू केलेले मेथडिस्ट काम याच अमेरिकी धाग्याचे. भारतातले ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट मात्र दक्षिणेत 1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात सामील झाले, तर उत्तरेत 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. दक्षिणेच्या 1963 च्या उपासनापुस्तकात कराराची उपासना घेतली गेली आणि त्यामुळे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल पार्श्वभूमीच्या मंडळ्यांनाही ती खुली झाली.